'स्तेरेगुश्ची' का हरली? ४७ मिलिमीटरच्या तोफांचं एक प्रकरण

१० मार्च १९०४ ची पहाट. रशिया-जपान युद्ध सुरू होऊन महिना झालाय, दोन रशियन डिस्ट्रॉयर (छोट्या, वेगवान युद्धनौका) रात्रभराची टेहळणी उरकून पोर्ट आर्थर या चीनच्या किनाऱ्यावरच्या आपल्या आरमारी तळाकडे परत चालल्यात आणि बंदर जवळ आलं असताना मधे चार जपानी डिस्ट्रॉयर आडव्या येतात. पुढच्या तासाभरात एक रशियन बोट मार खात खात का होईना बंदरात पोचली आणि दुसरी समुद्रातच जळकं भंगार होऊन उभी राहिली, तिच्यावरच्या पन्नासेक माणसांपैकी फक्त चार जिवंत राहिली. पळालेली 'रेशितेल्नी', मेलेली 'स्तेरेगुश्ची'.

रशियात ही बलिदानाची गोष्ट म्हणून प्रसिद्ध आहे, त्याबद्दल पुढे बोलू. मला हे प्रकरण घ्यायचंय ते तोफांसाठी. छोट्या बोटींवरच्या छोट्या तोफांचं खरं काम काय आणि किती छोटी म्हणजे फारच छोटी, हा वाद त्या काळी सगळ्या आरमारांत चालू होता, आणि तो इतका स्वच्छ दिसेल अशी दुसरी लढाई मला तरी माहीत नाही. मोठ्या युद्धनौका नाहीत, किनाऱ्यावरच्या तोफा शेवटापर्यंत नाहीत, टॉर्पेडोचा पण काही संबंध आला नाही, नुसत्या डिस्ट्रॉयर विरुद्ध डिस्ट्रॉयर, आणि हत्यार म्हणजे ४७, ५७, ७५ आणि ७६ मिमीच्या तोफा (हे माप नळीच्या तोंडाचं).

आधी थोडं मागे जाऊ, नाहीतर ४७ मिमीची तोफ डिस्ट्रॉयरवर आली कुठून हेच कळणार नाही. १८८० च्या दशकात टॉर्पेडो बोट म्हणजे पन्नास ते शंभर टनांची, पातळ पत्र्याची, एकदोन बॉयलरची चीज. अंधारात जवळ यायचं, काहीशे यार्डांवरून टॉर्पेडो सोडायचा आणि पळायचं. हिला थांबवायला मोठी तोफ उपयोगाची नाही कारण ती भरेपर्यंत बोट निघून जाते, म्हणून झटपट गोळे सोडणाऱ्या छोट्या तोफा आल्या. त्यात सगळ्यात गाजल्या त्या हॉचकिसच्या, हा मूळचा अमेरिकन पण कारखाना पॅरिसजवळ. ३७ मिमी, ४७ मिमी, ५७ मिमी असे साइज, इंग्रजांच्या भाषेत एक पाउंडर, तीन पाउंडर, सहा पाउंडर. काडतूस आणि गोळा एकत्र जोडलेला, मागचा ठोकळा एका दांड्याने खाली सरकतो, काडतूस आत, ठोकळा वर, फायर. तोफचीने, म्हणजे तोफ चालवणाऱ्याने, खांद्याला एक टेकू लावून अख्खी तोफ अंगाने फिरवत नेम धरायचा, म्हणजे मोठ्या बंदुकीसारखाच प्रकार. मिनिटाला पंधरा-वीस गोळे कागदावर तरी निघायचे. (मुंबई बंदराच्या रक्षणासाठी सुद्धा त्या दशकाच्या शेवटी इंग्रजांनी सात टॉर्पेडो बोटी बांधल्या होत्या, बलुच, गुरखा, पठाण, शीख, राजपूत अशी नावं आणि त्यात एक चक्क महरट्टा.)

मग १८९३ मध्ये इंग्रजांनी 'हॅवॉक' काढली, टॉर्पेडो बोटींना मारणारी जरा मोठी टॉर्पेडो बोट, हीच पहिली डिस्ट्रॉयर. तिच्यावर एक १२ पाउंडर म्हणजे ७६ मिमी आणि तीन ६ पाउंडर. इथे खरं तर गोची सुरू होते आणि ती बरीच वर्षं कोणाच्या लक्षात आली नाही किंवा आली तरी कोणी मनावर घेतली नाही. तोफा ठरवल्या गेल्या शंभर टनी टॉर्पेडो बोटीला मारायच्या हिशोबाने, पण 'हॅवॉक' बघून सगळ्यांनीच अडीचशे-तीनशे टनांच्या डिस्ट्रॉयर बांधायला घेतल्या, म्हणजे आता समोर येणारं गिऱ्हाईकच बदललं.

रशियाने आपली पहिली अशी बोट, 'सोकोल', इंग्लंडच्या यारो या जहाज बांधणाऱ्या कंपनीकडून १८९५ च्या सुमाराला बांधून घेतली आणि मग त्याच नमुन्यावर घरी डझनावारी काढल्या. स्तेरेगुश्ची त्यातलीच. सेंट पीटर्सबर्गच्या नेव्स्की कारखान्यात सुटे भाग बनवले, ते पोर्ट आर्थरला नेले, तिथे जोडणी केली. आधीचं नाव 'कुलिक', एका पक्ष्याचं, १९०२ मध्ये बदललं. अडीचशे टनांच्या आसपास वजन. तोफा: पुढे काने या फ्रेंच पद्धतीची एक ७५ मिमी आणि बाकी तीन ४७ मिमी हॉचकिस. टॉर्पेडोच्या दोन नळ्या. रशियन विचार असा की ही मुळात टॉर्पेडो सोडायची बोट आहे, तोफा आपल्या सोबतीला.

जपान्यांनी नेमका उलटा हिशोब धरला होता, म्हणजे त्यांनी स्वतः काही फार डोकं लावलं असं नाही, इंग्लंडमध्ये यारो आणि थॉर्निक्रॉफ्टकडे जाऊन इंग्रजी पद्धतीच्या डिस्ट्रॉयर घेतल्या. त्या दिवशी समोर आलेल्या चारही त्यातल्या: 'अकेबोनो' आणि 'साझानामी' यारोच्या, 'शिनोनोमे' आणि 'उसुगुमो' थॉर्निक्रॉफ्टच्या. प्रत्येकीवर एकदोन ७६ मिमी आणि चारपाच ५७ मिमी. त्यांच्यावर ४७ मिमी नव्हतीच, त्यांची सगळ्यात लहान तोफ रशियनांच्या 'बाकीच्या' तोफांपेक्षा मोठी.

आकडे मांडतो म्हणजे फरक डोळ्यांना दिसेल. ४७ मिमीचा गोळा साधारण दीड किलो, ५७ चा २.७ किलो, कानेच्या ७५ मिमीचा ४.९ किलो, इंग्रजी १२ पाउंडरचा ५.७ किलो. स्तेरेगुश्चीच्या चारही तोफा एकदम उडाल्या (एका बाजूला चारही लागतीलच असं नाही, पण धरू) तर ४.९ अधिक साडेचार, म्हणजे ९.४ किलो. एका जपानी बोटीच्या एक ७६ आणि पाच ५७ धरल्या तर १९ किलोच्या वर. दुप्पट. आणि बोटी चार. रेशितेल्नी पण स्तेरेगुश्चीसारखीच, त्यामुळे दोन्ही रशियन मिळून एका जपानी बोटीच्या बरोबरीला जेमतेम पोचतात.

आता कोणी म्हणेल की ४७ मिमी जास्त भराभर उडते, मिनिटाचं वजन काढा, फरक कमी होईल. हो, होईल. पण इथेच सगळी गंमत आहे. डिस्ट्रॉयरच्या बाजूचा पत्रा काही मिलिमीटरचा असतो, ४७ चा गोळा त्यातून आरामात आत जातो, आत फुटला तर फुटला, त्यात बारूद असते नावाला. एक छोटं भोक, दोनचार तुकडे, समोर माणूस असेल तर तो गेला. भोकात लाकडी खुंटी ठोकली की काम चालू. असे वीस गोळे मारलेत तरी बोट तेवढ्याच वेगाने पळत राहते. उलट मोठा गोळा बॉयलरमध्ये किंवा वाफेच्या पाइपात फुटला की संपलं, कारण या बोटींना चिलखत नाही, त्यांचं चिलखत म्हणजे त्यांचा वेग. वेग गेला की ती पाण्यावर उभं केलेलं टार्गेट. म्हणजे प्रश्न मिनिटाला किती किलो लोखंड फेकलंस हा नाही, एका गोळ्याने समोरची थांबते का हा आहे.

बरं, रशियनांकडे ७५ मिमी होती की, ती काय करत होती? ही गोष्ट मला पूर्ण प्रकरणात सगळ्यात कडू वाटते. या तोफेला त्या काळी रशियन आरमारात मिळायचे ते भरीव चिलखतभेदी गोळे, आत बारूद नाही. इतक्या लहान गोळ्यात बारूद मावणार किती आणि तिचा फायदा काय, असा वरच्या लोकांचा विचार. स्फोटक गोळे या तोफेला युद्धाच्या काळात, १९०५ मध्ये मिळायला लागले. चिलखत फोडायचा गोळा, आणि समोर अशी बोट जिला चिलखतच नाही. गोळा एका बाजूने आत, दुसऱ्या बाजूने बाहेर, वाटेत इंजिन किंवा बॉयलर आला तर नशीब. स्तेरेगुश्चीवरची एकुलती एक धड तोफ अशा गोळ्यांवर चालत होती.

आता लढाई. रशियन ताफ्याचा नवा प्रमुख ऍडमिरल मकारोव्ह पोर्ट आर्थरला येऊन जेमतेम दोन दिवस झाले होते, आल्या आल्या त्याने डिस्ट्रॉयर बाहेर काढायला सुरुवात केली, कारण त्याआधी ताफा बंदरात गपगार बसून होता. या दोघींना एलियट बेटांकडे बघून यायला पाठवलं, मोहिमेचा प्रमुख रेशितेल्नीचा कॅप्टन बोस्से, स्तेरेगुश्चीवर लेफ्टनंट सेर्गेयेव्ह. हुकूम असा की टेहळणी मुख्य, उगाच लढाईत पडायचं नाही. रात्री त्यांना जपानी जहाजांचे दिवे दिसले, हल्ला करायचा मोह पण झाला, पण जोरात कोळसा मारला की धुराड्यातून ज्वाळा निघतात आणि अंधारात त्या लांबून दिसतात, त्यामुळे तो बेत सोडून त्या लपतछपत फिरल्या आणि पहाटे परत निघाल्या.

त्याच पहाटे थोड्या अंतरावर लियाओतिशानपाशी आणखी चार रशियन आणि चार जपानी डिस्ट्रॉयरची स्वतंत्र मारामारी झाली, अगदी अंगाला अंग घासेल इतक्या जवळून. आठही बोटी कमीअधिक मोडून आपापल्या घरी गेल्या, एकही बुडाली नाही. एवढ्या जवळून एवढे गोळे मारून एकही बोट बुडत नाही, हे पण याच खात्यात लिहून ठेवा.

तर चौघी दिसल्यावर बोस्सेने वेग वाढवून बंदराकडे निसटायचं ठरवलं. यावर नंतर बरीच टीका झाली की त्याने सोबतिणीला सोडलं. मला वाटतं की दोन विरुद्ध चार आणि वर काढलेला ९.४ किलोचा हिशोब हातात असताना दुसरं काय करणार होता तो, थांबला असता तर दोन्ही गेल्या असत्या. पण हे घरात बसून बोलणं सोपं आहे. रेशितेल्नी पुढे होती, तिलाही मार बसला, बोस्से स्वतः जखमी झाला, पण इंजिन चालू राहिलं आणि ती किनाऱ्यावरच्या तोफांच्या आडोशाला पोचली. स्तेरेगुश्ची मागे राहिली आणि सगळ्यांचा मोर्चा तिच्यावर वळला, मुख्यतः अकेबोनो आणि साझानामीचा.

आणि मग एक जपानी गोळा तिच्या कोळशाच्या कोठीत फुटला, त्याने शेजारचे दोन बॉयलर निकामी केले. वाफ बाहेर सुटली, स्टोकहोल्ड (बॉयलरमध्ये कोळसा टाकायची जागा) वाफेने भरलं, बोटीचा वेग पडला. माझ्या मते लढाई इथे संपली, बाकीचं फक्त घडायचं राहिलं होतं. त्याआधी ती पळणारी बोट होती, हलत्या डेकवरून अंदाजाने अंतर धरून मारणाऱ्या तोफच्यांना सापडायला अवघड, आणि हे विसरू नका की या छोट्या तोफांना नेम धरायचं साधन तेव्हा साधंच होतं, पंचवीस नॉटवर पुढून पाण्याचे फवारे तोंडावर, डेक डोलतंय, नेम कसला नि काय. एकदा ती थांबली की जपान्यांनी जवळ येऊन निवांत मारलं.

रशियन तोफची शेवटपर्यंत मारत राहिले यात शंका नाही. अकेबोनोला वीसच्या वर गोळे लागल्याची नोंद आहे, साझानामीला पण काही लागले. वीसच्या वर! तीनशे टनांच्या बोटीला. आणि अकेबोनो लढाई सोडून गेली नाही, थांबली नाही, तिचं नुकसान आटोक्यातलं. हा एक आकडा सगळ्या वादाचं उत्तर आहे असं मी म्हणेन. नेम चुकीचा नव्हता, धैर्य कमी नव्हतं, गोळे लागत होते. ते फक्त पुरेसे नव्हते.

सेर्गेयेव्ह मेला, त्याच्या मागे बाकीचे अधिकारी एकेक करून मेले. तोफांना ढाली नव्हत्या, माणसं उघड्यावर उभी, गोळे खालून हाताने वर आणून द्यायचे, तुकड्यांपासून आडोसा म्हणून झोपायची अंथरुणं लावलेली आणि ती पण पेटली. साझानामीची माणसं जेव्हा तिच्यावर चढली तेव्हा पुढचा भाग पार उद्ध्वस्त, मास्ट पडलेला, मागच्या ४७ मिमी तोफा बैठकीवरून उखडलेल्या आणि डेकवर प्रेतं, असं त्यांच्या अहवालात आलंय. त्यांनी झेंडा लावून तिला ओढून न्यायचा प्रयत्न केला. तेवढ्यात मकारोव्ह स्वतः 'नोविक' या छोट्या क्रूझरवर (डिस्ट्रॉयरपेक्षा बरीच मोठी युद्धनौका) चढून, सोबत 'बायान' ही दुसरी क्रूझर घेऊन बाहेर आला. ऍडमिरलने दोन डिस्ट्रॉयरसाठी हलक्या क्रूझरवरून स्वतः निघणं हे तिथल्या खलाशांना फार भावलं म्हणतात. पण उशीर झाला होता, जपान्यांनी दोर सोडला, स्तेरेगुश्ची भोकांतून शिरलेल्या पाण्याने बुडाली, आणि जपानी मोठी जहाजं दिसायला लागल्यावर मकारोव्हला पण मागे फिरावं लागलं.

मग ती दंतकथा. दोन अनाम खलाशांनी स्वतःला खाली कोंडून घेतलं, पाण्याच्या झडपा उघडल्या आणि बोट शत्रूच्या हाती पडण्यापेक्षा स्वतःसकट बुडवली. १९११ मध्ये सेंट पीटर्सबर्गला झार निकोलस दुसरा याच्या उपस्थितीत स्मारक झालं, शिल्पकार इझेनबर्ग, दोन खलाशी आणि आत घुसणारं पाणी, ब्राँझमध्ये. शिल्प म्हणून जबरदस्तच आहे. फक्त जिवंत राहिलेल्या चौघांच्या जबान्यांत ते दोघं कुठेच बसत नाहीत, आणि बोट बुडायला झडप उघडायची गरज पण नव्हती इतकी ती चाळण झालेली. माझी तक्रार शिल्पाबद्दल नाही. तक्रार ही की झडप उघडणारे दोन हात लोकांच्या लक्षात राहिले, आणि ज्यांनी अकेबोनोवर वीस गोळे बसवले आणि तरी काही झालं नाही, त्या तोफच्यांच्या हातात काय दिलं होतं हा प्रश्न बाजूला पडला.

नुसत्या तोफांमुळेच सगळं झालं असंही म्हणणं बरोबर होणार नाही. चार विरुद्ध दोन हा हिशोब कोणत्याही तोफेने पुसला गेला नसता. जपान्यांच्या बोटी थोड्या मोठ्या, थोड्या वेगवान. शिवाय रशियन ताफा इतके दिवस बंदरात, सराव कुठून होणार. पण समजा स्तेरेगुश्चीवर तीन ४७ च्या जागी आणखी एक ७५ असती, आणि दोन्हीला बारूद भरलेले गोळे असते, तर ज्या वीस-बावीस वेळा अकेबोनोला गोळा लागला त्यातले आठदहा तरी स्फोटक ७५ चे निघाले असते. त्यातला एक बॉयलरमध्ये गेला असता तर मागे राहणारी बोट कोणती असती हे सांगता येत नाही.

आरमारांनी पण साधारण हाच धडा घेतला, आणि त्यातल्या त्यात लवकर घेतला. रशियनांनी युद्धानंतर सोकोल जातीच्या उरलेल्या बोटींवरून ४७ मिमी उतरवल्या आणि दुसरी ७५ मिमी बसवली. जपान्यांनी जिंकूनसुद्धा बदल केला, हे मला जास्त बोलकं वाटतं: युद्धाच्या काळात काढलेल्या 'कामिकाझे' वर्गात ५७ मिमी काढून सगळ्याच ७६ मिमी, काही लांब नळीच्या आणि काही आखूड. इंग्रजांनी आपल्या रिव्हर वर्गावर एक १२ पाउंडर आणि पाच ६ पाउंडर लावल्या होत्या, १९०६ पासून त्या पाच काढून तीन हलक्या १२ पाउंडर लावल्या, कारण उघड होतं की ६ पाउंडर डिस्ट्रॉयर थांबवू शकत नाही. म्हणजे संख्या कमी, गोळा मोठा. अमेरिकनांच्या पहिल्या डिस्ट्रॉयरवर दोन ३ इंची (म्हणजे ७६ मिमी) आणि पाच ६ पाउंडर होत्या, १९०९ च्या 'स्मिथ' वर्गावर पाचही ३ इंची. थोड्याच वर्षांत इंग्रज ४ इंचीवर (१०२ मिमी) पोचले आणि रशियनांनी तर नव्या 'नोविक'वर, ही डिस्ट्रॉयर, वरची क्रूझर वेगळी, चार १०२ मिमी लावून सगळ्यांना मागे टाकलं.

फ्रेंच मात्र बराच काळ तिथेच राहिले. त्यांच्या तीनशे टनी डिस्ट्रॉयरवर एक ६५ मिमी आणि सहा ४७ मिमी हा ठरलेला साचा होता. २८ ऑक्टोबर १९१४ ला पेनांगजवळ 'मुस्के' या अशा एका बोटीला जर्मन क्रूझर 'एम्डेन' भेटली, तीच जिने महिनाभर आधी मद्रासला तेलाच्या टाक्या पेटवल्या होत्या. एम्डेनवर दहा १०.५ सेंटीमीटरच्या तोफा. मुस्केने प्रतिकार केला, काही मिनिटांत बुडाली. क्रूझरपुढे डिस्ट्रॉयर टिकणारच नव्हती, त्यामुळे हे उदाहरण थोडं अन्यायाचं आहे, मान्य.

जर्मनांचं उदाहरण जास्त कामाचं आहे. ते जिद्दीने म्हणत राहिले की टॉर्पेडो बोट टॉर्पेडोसाठीच, म्हणून त्यांच्या एस-९० जातीच्या चारशे टनी बोटींवर ५० मिमीच्या तीन तोफा. ऑक्टोबर १९१४ मध्ये चीनमधल्या त्सिंगताओ या जर्मन बंदराच्या वेढ्यात खुद्द एस-९० रात्री बाहेर पडली आणि तिने जपानी क्रूझर 'ताकाचिहो' टॉर्पेडोने उडवली, अडीचशेच्या वर माणसं गेली. म्हणजे जर्मन म्हणत होते ते अगदीच चूक नव्हतं, अंधार असेल आणि समोरचा गाफील असेल तर ५० मिमीची तोफ आहे की नाही याने फरक पडत नाही. पण त्याच महिन्यात, १७ तारखेला, हॉलंडच्या टेक्सेल बेटाजवळ त्याच जातीच्या चार बोटी, एस-११५, ११७, ११८ आणि ११९, भरदिवसा इंग्रजांना सापडल्या. समोर 'अनडॉन्टेड' क्रूझर आणि चार नव्या डिस्ट्रॉयर, प्रत्येकीवर तीन १०२ मिमी. जर्मनांनी टॉर्पेडो सोडले, ते लागले नाहीत, ५० मिमीचे गोळे काही लागले आणि चारपाच इंग्रज जखमी झाले. चारही जर्मन बोटी बुडाल्या.